बाराव्या महिन्याची भेट

आमच्या विभागाला पदक मिळाल्याची तार आली, त्या दिवशी सगळ्यांत कमी बोलले ती मी. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बाह्यरुग्ण इमारतीच्या मागे तीन खोल्या होत्या, तो आमचा मनोविकार विभाग. तार साहेबांच्या टेबलावर उघडी पडली होती आणि आमचे टंकलेखक ती तिसऱ्यांदा मोठ्याने वाचत होते. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांनी दूरच्या एका शहरात, डॉक्टरांच्या परिषदेत जो निबंध वाचला होता, त्याला त्या वर्षीचं पदक जाहीर झालं होतं. वॉर्डातले जुने सेवक पेढे आणायला निघाले होते. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. जाता जाता ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही का अशा गप्प? निम्मं काम तर तुमचंच आहे."

मी हसल्यासारखं केलं.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेन. राहायला चिंचवडला, आई आणि थोरल्या भावासोबत. भाऊ पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागला होता. मी परिचारिकेचं शिक्षण घेऊन महाविद्यालयाच्या इस्पितळात नोकरीला लागले. वर्षभरातच साहेबांनी मला मागून घेतलं, कारण मी त्या बाजूची होते. त्यांना पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या घरांत जाऊ शकेल अशी कुणीतरी हवी होती. परिचारिकेचा पोशाख न घालता, साध्या नऊवारीत, शेजाऱ्यांना कळणार नाही अशा बेताने.

त्या सुमारास वेडाच्या आजारावर एक नवी गोळी आली होती. तोपर्यंत रुग्ण इस्पितळात वर्षानुवर्षं राहत. या गोळीने काही जण दोन-चार महिन्यांत घरी जाण्याइतके बरे होऊ लागले. साहेबांचा प्रश्न साधा होता. घरी गेल्यावर पुढे काय होतं? माणूस जेवतो का, झोपतो का, कामाला लागतो का, घरचे त्याच्याशी बोलतात का? हे बघायला एक वर्ष, दर महिन्याला एक घरभेट. भेटीत मी गोळ्या द्यायच्या, विचारपूस करायची आणि घरी येऊन फॉर्म भरायचा. फॉर्मचा पहिला प्रश्न होता, 'रुग्णास प्रत्यक्ष भेटलात काय?' साहेब म्हणायचे, या एका प्रश्नावर बाकीचे सगळे उभे आहेत.

मी वर्षभर फिरले. सायकलवरून, एसटीने, नाही तर पायी. फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या बराकींमधून, मळ्यांतून, कारखान्यांच्या नव्या चाळींमधून. ते काम मला आवडायचं. आणि त्या सगळ्या फॉर्मांमधला एक फॉर्म खोटा होता.

पिंपळे सौदागरला, पवनेच्या पलीकडे, एका शेतकरी घरातली सून आमची रुग्ण होती. बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी तिला आजार झाला. झोप गेली, मग कुणाकुणाचे आवाज ऐकू यायला लागले, मग ती आपल्या मुलाला ओळखेना. चार महिने इस्पितळात राहून ती घरी परतली. अकरा महिने मी तिच्याकडे नियमाने गेले. ती हळूहळू माणसांत येत गेली. अकराव्या भेटीत तर मुलाला कडेवर घेऊन ती मला नदीपर्यंत पोहोचवायला आली होती.

बाराव्या महिन्यात आषाढ लागला आणि पवनेला पूर आला. नाव बंद झाली. पहिल्या दिवशी मी काठावरून परतले, चार दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा परतले. साहेबांना सोमवारी सगळे फॉर्म हवे होते, कारण निबंध टपालात पडायचा होता. शनिवारी पिंपरीच्या बाजारात मला तिचा दीर दिसला. तो पाणी चढायच्या आधीच अलीकडे येऊन अडकला होता.

मी विचारलं, "वहिनी कशी आहे?"

"बरी हाय की," तो म्हणाला.

"झोपते ना? काम करते?"

"व्हय, करतीया."

मी गोळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली. त्याने ती मुकाट्याने बंडीच्या खिशात घातली. मी घरी आले आणि फॉर्म भरला. पहिल्या प्रश्नापाशी हात थांबला. 'नाही' लिहिलं तर साहेब तो फॉर्म बाजूला ठेवणार, आणि वर्षभर धरलेलं ते घर हिशेबातून जाणार. मी 'होय' लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण खाली शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, 'मुलाला कडेवर घेऊन शेतावर जाते.' ते अकराव्या महिन्यातलं होतं, आणि शेतावर नव्हे, नदीपर्यंत. लिहिताना मला ते खोटं वाटलंच नाही. ती तशी जात असेलच, असं मी धरून चालले.

परिषदेच्या निबंधात साहेबांनी नेमकं तेच वाक्य घेतलं होतं.

तार आल्यावर आठवड्याभरात महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी सत्काराचं ठरवलं. त्यांना तो महाविद्यालयाच्या सभागृहात हवा होता. साहेब म्हणाले, तो पिंपरीत होऊ द्या. तिथे एका बराकीत आमचा दर गुरुवारचा दवाखाना चालायचा आणि जवळच शाळेचं मोठं दालन होतं. "माणसाला वेड लागलं की लोक ते लपवतात, आणि तो बरा झाला की तेही लपवतात. ज्या गावांतून हे रुग्ण आले, त्या गावांनी बघू दे," असं ते म्हणाले. सत्कार फक्त डॉक्टरांचा नव्हता. टंकलेखकाचा होता, मामांचा होता, माझाही होता. मला प्रशस्तिपत्र मिळणार होतं आणि माझी तात्पुरती जागा कायम करण्याची शिफारस त्याच दिवशी वाचली जाणार होती. भावाने कारखान्यात सगळ्यांना सांगूनही टाकलं. आईने पेटीतली इंदुरी साडी काढून उन्हात टाकली.

सत्काराच्या दहाएक दिवस आधी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. समोर माझे फॉर्म होते.

"बाई, पिंपळे सौदागरच्या त्या घरी तुम्ही स्वतः आमंत्रण द्या," ते म्हणाले. "त्यांना व्यासपीठावर बसवायचं नाही, नाव घ्यायचं नाही. मागे येऊन बसतील, बघतील, एवढंच. त्या मुलीला बरी झालेली मला एकदा बघायचं आहे."

मी हो म्हणाले. आणि गेले नाही. रोज काही ना काही कारण काढलं. आज दवाखाना आहे, आज भावाचा डबा द्यायचा आहे, आज फॉर्म लावून ठेवायचे आहेत. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. बारावी भेट होऊन गेल्यावर अभ्यास संपला होता, त्यामुळे मी पुन्हा तिकडे फिरकलेच नव्हते. ज्यांचं वर्ष पूर्ण झालं त्यांनी गुरुवारच्या दवाखान्यात येऊन गोळ्या न्यायच्या होत्या. ती आली होती का? दवाखान्याची वही मी चाळून पाहिली. तिचं नाव एकदाही नव्हतं. मी वही मिटली आणि स्वतःला सांगितलं, नदी ओलांडून येणं लांब पडत असेल.

शेवटी सत्काराच्या आधीच्या गुरुवारी, दवाखाना सुटल्यावर, मी गेले. पौषातले दिवस. पवनेचं पाणी उतरलं होतं, घोट्याएवढ्या पाण्यातून मी पलीकडे गेले. घराच्या ओट्यावर सासू हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. तिने मला ओळखलं आणि बसायला घोंगडं टाकलं. मी इकडेतिकडे पाहिलं. आत कुणाची चाहूल नव्हती.

"आजी, सूनबाई कुठे आहे?"

"म्हायेरी गेलीया. चाकनाकडं."

"कधी गेली?"

"लई दिस झालं. आखाड लागायच्या आदी. दिस गेलं हुतं, उलट्या थांबंनात. तिची आई आली न् तिला न् पोराला घिऊन गेली."

आषाढ लागायच्या आधी. म्हणजे मी ज्या दिवशी फॉर्मवर तिला मुलासह शेतावर पाठवलं होतं, त्या दिवशी ती या गावात नव्हतीच. मी कसंबसं विचारलं, "मग बाळंतपण?"

"झालं की. पोरगी झाली. सांगावा आला हुता. आज सातवा दिस. बाराव्याला जायाचं हाय आमाला."

म्हातारी उठून आत गेली आणि देवळीतून काहीतरी घेऊन आली. "ह्या तुमच्या गोळ्या. धाकल्या पोरानं आणून ठिवल्या हुत्या. भर बाजारात वहिनीला दिस गेल्याचं कसं सांगायचं, म्हून तुमाला बोलला न्हाई. ती हितं न्हाई, कुणाला द्याच्या?"

पुडी मी बांधली होती तशीच होती. दोऱ्याची गाठसुद्धा माझीच.

परत येताना मी पाण्यात मधोमध उभी राहिले. चपला हातात होत्या. सातवा दिवस. पहिल्या खेपेला दहाव्या दिवशी सुरू झालं होतं. साहेब वर्गात शिकवायचे ते माझ्या कानांत होतं, की असा आजार एकदा झाला की पुढच्या बाळंतपणात पुन्हा येण्याचा धोका असतो. आणि ती गोळ्यांवाचून होती. किती दिवसांपासून, ते मला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असायला पाहिजे अशी या जगात एकच बाई होती, आणि ती मी होते.

घरी आईने साडीला इस्त्री करून ठेवली होती. मी जेवले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी पुण्याला जाताना मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. तिला बाळंतपण झालं आहे, एवढंच सांगायचं. धोका आहे, कुणीतरी जायला हवं. फॉर्मबद्दल बोलायची गरजच काय? तो अभ्यास वेगळा आणि हे वेगळं. गाडी दापोडीला पोहोचेपर्यंत मला ते पटलंही होतं.

साहेब भाषणाचे कागद वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"आज आठवा दिवस?"

"हो."

"गोळ्या चालू आहेत?"

"नाहीत, बहुतेक."

"कधीपासून बंद?" त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. "तुम्ही आषाढात पाहिलंत तेव्हा ती गोळ्या घेत होती का? तिला तेव्हा तिसरा महिना असणार. तुमच्या लक्षात नाही आलं? बाई, हे महत्त्वाचं आहे. गोळ्यांवाचून सहा महिने ती नीट राहिली असेल तर एक गोष्ट, आणि तेव्हाच बिघडायला लागली असेल तर वेगळी. कशी होती ती?"

मी जुळवून आणलेल्या वाक्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी काही बनवून सांगितलं असतं तर ते तेच लिहून घेणार होते, आणि त्यावर तिला काय द्यायचं ते ठरवणार होते.

"मी तिला पाहिलंच नाही," मी म्हणाले. "नाव बंद होती. बाजारात दीर भेटला, त्याच्या सांगण्यावरून भरलं."

पेन कागदावरच राहिलं. बाहेर टंकलेखकाचं यंत्र चालू होतं, ते मला फार मोठ्याने ऐकू येत होतं.

"आणि शेरा?"

"तो अकराव्या महिन्याचा. तोही पूर्ण खरा नाही."

त्यांनी विचारलं, "असे किती फॉर्म आहेत?"

"एकच."

"एकच, हे मी आता कशावरून मानू?"

ते रागावले असते, ओरडले असते, तर मला रडता आलं असतं. त्यांनी हे अगदी हळू, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. त्यांनी भाषणाचे कागद गोळा करून खणात ठेवले. "उद्या सकाळच्या एसटीने चाकणला जायचं. तुम्ही बरोबर या. दोन दिवसांचे कपडे घ्या."

चाकणला उतरल्यावर भामा नदीच्या अंगाला दोन-अडीच मैल चालायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं लावणं चाललं होतं. साहेब पुढे, हातात चामड्याची बॅग, आणि मी मागे. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले. मैलाच्या दगडापाशी थांबून त्यांनी विचारलं, "तुम्हाला तहान लागली आहे का?" मी नाही म्हणाले. खरं तर घसा कोरडा पडला होता.

सासूने सांगितलेलं ते घर गावाच्या टोकाला होतं. तिची आई दारात आली. आम्हाला पाहून ती आधी घाबरली आणि मग तिचा चेहरा एकदम सैल पडला.

"तुमाला कुनी सांगितलं?" ती म्हणाली. "म्या तर कुणाला सांगितलं न्हाई. दोन दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाई तिच्या. लोकांस्नी कळलं तर पुन्हा नांदवायचे न्हाईत, म्हून गप बसले."

आत बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा आणि ओव्याचा वास होता. ती खाटेवर ताठ बसली होती, पाठ भिंतीला न टेकता. बाळ लांब, सुपात झोपलं होतं. तिने मला पाहिलं आणि ओळखलं. ती ओळख बघून मला किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही. पण पुढचं वाक्य तिने फार घाईने म्हटलं, कुणी मधेच तोडेल असं.

"बाई, ते परत यायला लागलंय. मला कळतंय. पोरीला माझ्यापासनं लांब ठिवा म्हून म्याच आईला सांगितलं."

साहेब खाटेशेजारी जमिनीवरच बसले. "गोळ्या कधी बंद केल्या?"

"दिस गेल्याचं कळल्यावर. पोटातल्याला काय व्हईल म्हून म्याच बंद केल्या." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला इचारणार हुते. पुढल्या खेपंला बाई येतील तवा इचारू म्हनलं. मला हितं आनलं तवा बी आईला सांगून ठिवलं हुतं, बाई पत्ता काढून येतील. तुमी आलाच न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती डॉक्टरांच्या प्रश्नाचं नीट, पूर्ण उत्तर देत होती, इतकंच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्यांनी तिला इंजेक्शन दिलं. आईला समजावलं की हा कुणाचा कोप नाही, बाहेरचंही काही नाही, बाळंतपणाचाच एक आजार आहे, आणि या वेळी आपण लवकर पोहोचलो आहोत. बाळाला सध्या तिने अंगावर पाजायचं नव्हतं. घरात तिची भावजय होती, तिचंही मूल अंगावर पीत होतं. तिने काही न बोलता सुपातून बाळ उचललं आणि पदराखाली घेतलं.

मग साहेब मला अंगणात घेऊन आले. "दर सहा तासांनी काय द्यायचं ते लिहून दिलं आहे. नाडी आणि रक्तदाब बघा, या औषधाने तो उतरतो. उठवताना आधार देऊन उठवा. उद्यापर्यंत झोप लागली तर इथेच भागेल. सोमवारी गाडी पाठवतो, नाही लागली तर तिच्यातून इस्पितळात न्यावं लागेल. तुम्ही इथे राहायचं."

"उद्या सत्कार आहे," हे माझ्या तोंडून निघून गेलं. मला स्वतःलाच लाज वाटली.

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी बॅग उचलली आणि आलेल्या वाटेने एकटेच निघाले.

ती शिक्षा होती की काम होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतरही मी कधी विचारलं नाही.

रविवारचा दिवस मला तासातासाने आठवतो. सकाळी ती चिडली. औषध नको म्हणाली, मग घेतलं. दारावर कुणी उभं आहे असं तिने दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा उठून बघून आले आणि कुणी नाही असं सांगितलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "मला ठावं हाय कुनी न्हाई. तरी बघून या म्हनते." दुपारी तिची आई भाकरी घेऊन आली, तिने अर्धी खाल्ली. मी रक्तदाब बघितला. उतरला होता, पण फार नाही. मला आकडे नीट दिसतात की नाही याचीच शंका येऊ लागली, म्हणून पुन्हा बघितला. इतके दिवस मी किती सहज लिहीत होते, आणि आता प्रत्येक आकडा लिहिण्यापूर्वी दोनदा तपासत होते.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती आडवी झाली. डोळे मिटले. मी श्वास मोजत बसले. चार वाजले असतील, म्हणजे पिंपरीच्या शाळेत लोक जमले असतील. भाऊ कारखान्यातल्या मित्रांना घेऊन पुढच्या रांगेत बसला असेल. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. 'कामावर जाते आहे, परस्पर येईन,' एवढंच म्हणाले होते. तिथे माझं नाव पुकारलं जाईल का? पुकारलं आणि मी नसले तर आई काय समजेल? आणि नाहीच पुकारलं तर? फॉर्म खोटा आहे हे साहेब सगळ्यांसमोर सांगतील का? हे सगळं डोक्यात गरगरत होतं, आणि मधेच तिचा श्वास थोडा लांबला की शंका यायची. चुकून मात्रा जास्त तर झाली नाही? मी वाकून नाडी बघायची. ठीक असायची.

ती दिवे लागेपर्यंत झोपली. उठल्यावर तिने पाणी मागितलं आणि विचारलं, "पोरगी पितीया का?" तिच्या आईने पदराने डोळे पुसले. मला मात्र हायसं वाटलं नाही. एका झोपेने काही होत नाही, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी महाविद्यालयाची गाडी आली. मामा आले होते. त्यांच्या खांद्यावर नवी शाल होती. थंडीसाठी नव्हे, दाखवण्यासाठी, हे लगेच कळत होतं. तिला हलवायची गरज नाही असा निरोप मी गाडीवाल्याजवळ लिहून दिला. मामा थोडा वेळ बसले.

"कसा झाला सत्कार?" मी विचारलं.

"दालन भरलं होतं, ताई. डॉक्टर लोकांच्या रांगेत मला खुर्ची दिली. मी बसेना, तर साहेबांनी खांद्याला धरून बसवलं. म्हणाले, हे तीस वर्षं रुग्णांना अंघोळ घालतात, जेवू घालतात, आणि यांनी आजवर कुणावर हात उगारलेला नाही. पदकावर यांचा हक्क आधी." "मला बोलायला सांगितलं. मी उठलो, नमस्कार केला आणि बसलो. काय बोलणार?"

"आणि माझं?"

मामांनी शाल सारखी केली. "तुमचं नाव नाही घेतलं. साहेब शेवटी म्हणाले की निबंधात एका घरची नोंद खात्रीची नव्हती, ती चूक विभागाची आणि प्रमुख म्हणून माझी आहे. परिषदेला तसं पत्र लिहिणार आहे, त्यांना पदक परत हवं असलं तर परत करीन. लोकांना काही समजलं नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही तेही कळेना. अधिष्ठाते मात्र लाल झाले होते. ताई, ते तुमचंच होतं का?"

"हो," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. "तुमचे बंधू मला विचारत होते, ताई कुठे आहे म्हणून. मी सांगितलं, कामावर आहे."

मी त्या घरी नऊ दिवस राहिले. तिला पूर्ण सावरायला दोन-अडीच महिने लागले. मधे एकदा चार दिवस फार वाईट गेले, साहेब स्वतः पुन्हा आले. पण इस्पितळात न्यावं लागलं नाही. बारसं लांबवलं, ते चैत्रात झालं. सासू आली, आणि काही न बोलता सुनेला व दोन्ही नातवंडांना घेऊन गेली.

परिषदेने पदक परत मागितलं नाही. चुकीची दुरुस्ती छापली. माझी जागा कायम झाली नाही, आणि घरी ते सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. भावाने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. आईने साडी घडी घालून पेटीत ठेवली आणि त्या विषयावर कधीच काही विचारलं नाही.

साहेबांनी मला काढलं मात्र नाही. त्यांनी मामांना माझ्याबरोबर दिलं आणि वर्षभरातल्या प्रत्येक घरी पुन्हा पाठवलं. मी भरलेला फॉर्म मामा हातात धरायचे, मी वाचून दाखवायची आणि घरच्यांना विचारायचं, हे असंच होतं का? लोकांना हे विचित्र वाटायचं. काही ठिकाणी दारातूनच परत पाठवलं, तिथे आम्ही पुन्हा गेलो. मी मान खाली घालून उभी राहायची आणि मामा माझ्या वतीने हात जोडायचे. उन्हाळाभर आम्ही फिरलो. बाकीचे सगळे फॉर्म खरे निघाले. शेवटच्या घरचं काम झाल्यावर मामा म्हणाले, "बघा, एकच होता." मला वाटलं होतं त्या दिवशी मला मोकळं वाटेल. वाटलं नाही. फॉर्म खरा असूनही ज्या घरातलं मला काहीच कळलं नव्हतं, असं आणखी एखादं घर कुठे असेल का, असा विचार मनात येत राहिला.

पुढच्या वर्षी साहेबांनी बाळंतपणानंतरच्या आजारावर नवा अभ्यास काढला. आधी आजार झालेल्या बायांना पुन्हा दिवस गेले की विभागाला कळलं पाहिजे आणि बाळंतपणानंतरचे पहिले पंधरा दिवस कुणीतरी घरी गेलं पाहिजे, अशी ती योजना होती. घरभेटी मलाच दिल्या. फॉर्ममध्ये एक नवा रकाना होता, 'भेट झाली नसल्यास कारण लिहावे.' तो रकाना त्यांनी मला दाखवला नाही, की त्याबद्दल काही बोलले नाहीत. मी छापखान्यातून आलेला गठ्ठा सोडला, वरचा फॉर्म वाचला, आणि त्या आठवड्याची घरं कुठली ते बघायला लागले.